स्पर्धकाच्या घरची हकीकत मंचावर आली कशी?

दूरचित्रवाणीवरील स्पर्धक आपल्या घरची परिस्थिती सांगताना आज कोणालाही नवल वाटत नाही. मात्र ही पद्धत सुरुवातीपासून नव्हती. 1995 साली हिंदीत गाण्याची मोठी स्पर्धा सुरू झाली तेव्हा स्पर्धकाचे नाव, गाव आणि फार तर गुरूंचा उल्लेख एवढीच ओळख पुरे होई, कारण निकाल परीक्षक देत आणि परीक्षकांना त्याच्या घराशी काही कर्तव्य नव्हते.

2004 च्या सुमारास निकालाचा मोठा भाग प्रेक्षकांच्या मोबाईल संदेशांवर सोपवण्याचा निर्णय रुजला, आणि सारा फरक तिथून पडला. या निर्णयाची बाजू घेणारे म्हणत की, लोकांसाठी गाणाऱ्याला लोकांनीच निवडावे. त्यात तथ्य होते. परंतु संदेशाला नेहमीपेक्षा जास्त दर पडत असे, एका मोबाईलवरून अनेक मते देता येत, आणि मतांचे आकडे सहसा जाहीर होत नसत. अनोळखी मुलासाठी पदरचे पैसे खर्चणाऱ्या प्रेक्षकाला सुरांपलीकडचे कारण हवे होते. ते देण्यासाठी गाण्याआधी दोन-तीन मिनिटांची परिचयफीत आली: घराचे छप्पर, आईचे काम, वडिलांचे कर्ज. वाहिन्यांना अश्रूंचा सोस होता, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. मत मागायचे म्हटल्यावर हकीकत सांगणे भागच होते.

2006 नंतर मराठीत अशा स्पर्धा बहरल्या आणि सुरुवातीच्या विजेत्यांत कोल्हापूरचा तरुणही होता. चौकाचौकांत फलक लागले, तालीम मंडळांनी मतांसाठी आवाहने केली. ‘आपला माणूस’ म्हणून शहर एकवटले, ते मनापासूनच. तथापि ज्या स्पर्धकाच्या गावात ना मंडळ होते ना मोबाईलचे भरवशाचे नेटवर्क, त्याचे काय झाले असेल, हा प्रश्न तेव्हा आपण विचारला नाही.

त्या फितींनी एक गोष्ट सातत्याने वगळली, आणि कोल्हापूरकरांना ती अधिक जाणवायला हवी. 1915 साली बांधलेले नाट्यगृह आणि संस्थानकाळापासूनची गायनाची परंपरा असलेल्या या शहरातून गेलेली मुले कोरी पाटी घेऊन गेलेली नव्हती. गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, गावचे भजनी मंडळ, राज्य नाट्यस्पर्धेच्या तालमी, वर्षानुवर्षांची शिकवणी आणि ऑडिशनसाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला मारलेल्या खेपा, हीच त्यांची खरी पार्श्वभूमी होती. ‘काहीही नसताना इथवर आला’ या वाक्यात ती बसत नसल्याने गरिबी दाखवली गेली आणि मेहनतीचा तपशील कापला गेला. शिकवणाऱ्यांवर यात मोठा अन्याय झाला.

2018 पासून मराठीत आलेल्या, स्पर्धकांना एका घरात ठेवणाऱ्या कार्यक्रमाने पुढचा टप्पा गाठला: तिथे गाणे वा नृत्य ही अटच उरली नाही, स्वभाव आणि भूतकाळ हेच भांडवल झाले. लघुचित्रफितींमुळे 2020 च्या आसपास अनेक खेड्यांतील मुलामुलींना स्वतःचा प्रेक्षकवर्ग मिळाला होता. त्यांतील काही जण थेट स्पर्धेत पोहोचले, तेव्हा त्यांची हकीकत लोकांना आधीच पाठ होती. संदेशांची जागा अ‍ॅपने घेतल्यावर मताचा खर्च नाहीसा झाला, हकीकतीचे महत्त्व मात्र टिकून राहिले.

बालस्पर्धकांच्या बाबतीत कायदा उशिरा जागा झाला. बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीने मुलांना कलावंत म्हणून काम करण्यास सशर्त मुभा दिली. 2017 च्या नियमांनी दिवसाला कमाल 5 तास आणि विश्रांतीविना कमाल 3 तास अशी मर्यादा घातली, तसेच उत्पन्नातील किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक केले. मराठीतील बालगायकांची सर्वाधिक गाजलेली स्पर्धा 2009 च्या फेब्रुवारीतच संपली होती. त्या पिढीच्या मुलांना या तरतुदींचे संरक्षण मिळाले नाही.