दोन्ही जीबीच, पण एक कपाट आणि एक झेरॉक्स: होस्टिंगमधली जागा आणि बँडविड्थ

होस्टिंग म्हणजे वेबसाइट सर्व्हरवर, म्हणजे सतत इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर, ठेवण्याची भाड्याची सोय. तिच्या जाहिरातीत दोन आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात: ‘१० जीबी स्पेस, १०० जीबी बँडविड्थ’. दोन्ही जीबीतच, त्यामुळे एकाच जातीचे वाटतात. घेणाऱ्याची नजर मोठ्या आकड्यावर जाते आणि तो चार जणांत सांगतो, ‘१०० जीबीचा प्लॅन घेतलाय.’ जागा मात्र त्याला १० जीबीच मिळालेली असते.

समजा, दुकानातल्या कपाटात दरपत्रकाची एक मूळ प्रत ठेवली आहे. येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्ही तिची झेरॉक्स काढून देता. हजार जण आले तरी कपाटात प्रत एकच राहते, संपतो तो झेरॉक्सचा कागद. वेबसाइटचंही असंच आहे. सर्व्हरवर फाइल एकदाच ठेवलेली असते, ती जागा. ती उघडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर तिची प्रत जाते, आणि महिनाभरात गेलेल्या अशा सगळ्या प्रतींची बेरीज म्हणजे होस्टिंगवाल्यांची बँडविड्थ. खरं तर बँडविड्थ हा शब्द वेगाचा, घरच्या इंटरनेटला आपण ‘१०० एमबीपीएस’ म्हणतो तसा. होस्टिंगच्या धंद्यात तो महिन्याच्या डेटा ट्रान्सफरसाठी रुळला आणि घोटाळा तिथेच सुरू झाला.

आता देवगडच्या एखाद्या हापूसवाल्याची साइट घ्या. वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर), त्याची थीम (सजावट) आणि प्लगइन्स (जोडसोयी) मिळून साधारण ३०० एमबी. बागेचे आणि पेट्यांचे दीडशे फोटो, त्यांच्या लहान-मोठ्या आवृत्त्यांसकट आणखी १५० एमबी. डेटाबेस, म्हणजे मजकूर आणि ऑर्डरच्या नोंदी, ५० धरू. झाले ५०० एमबी, म्हणजे अर्धा जीबी. १० जीबीच्या कपाटाचा एक कोपराही भरत नाही.

पण मार्च उजाडतो, व्हॉट्सॲपवर लिंक फिरते आणि रोज ३,००० माणसं साइटवर येऊ लागतात. पहिलं पान २ एमबीचं. पुढची दोन पानं ब्राउझरने लोगो वगैरे साठवून ठेवल्यामुळे अर्ध्या-अर्ध्या एमबीत उघडतात. माणशी ३ एमबी, दिवसाला ९ जीबी. म्हणजे १०० जीबीची बँडविड्थ बाराव्या दिवशी संपली! आणि ती संपताना आंब्याचा एक फोटोही नव्याने चढवलेला नसतो. अशा वेळी जास्त जागेचा प्लॅन घेऊन काही होत नाही. फोटो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून हलके करावेत, व्हिडिओ स्वतःच्या सर्व्हरवर न ठेवता यूट्यूबवर टाकून पानात बसवावा आणि क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन लावावं. सीडीएन म्हणजे जागोजागी उघडलेली झेरॉक्सची दुकानंच: फोटोंच्या बहुतेक प्रती तिथून जातात, तुमचा कागद वाचतो.

लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं गणित बरोबर उलटं. एका लग्नाचे १,५०० फोटो, एकेक ८ एमबीचा: १२ जीबी. एका लग्नसराईत वीस लग्नं केली तर २४० जीबी. बघणारे किती? दोन्हीकडचे मिळून तीसेक नातेवाईक. त्यांना ३०० केबीच्या छोट्या आवृत्त्या दाखवल्या आणि प्रत्येकाने अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला (कुणी पाहत नाही म्हणा, स्वतःचा फोटो सापडला की माणूस थांबतो), तरी एका लग्नामागे साडेतेरा जीबीच जातात. इथे आधी कपाट ओसंडतं.

मग ‘अनलिमिटेड स्पेस’वाला प्लॅन घ्यावा का? माझं मत, नको. बारीक अक्षरातल्या अटींत बहुधा इनोडची मर्यादा असते, म्हणजे किती फाइली ठेवता येतील त्याची. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) ती बऱ्याचदा दोन-तीन लाखांच्या आत असते. वर्डप्रेस मोठ्या फोटोच्या स्वतःहून सात लहान आवृत्त्या बनवतं, मूळ धरून आठ फाइली. वीस लग्नांचे ३०,००० फोटो म्हणजे २ लाख ४० हजार फाइली. जीबी अमर्याद आणि फाइली मोजून! शिवाय अशा होस्टिंगचा कोठार म्हणून वापर करायला बहुतेक ठिकाणी मनाईच असते. मूळ फोटो हार्ड डिस्कवर किंवा क्लाउड स्टोरेजमध्ये ठेवावेत आणि साइटवर निवडक पन्नासच लावावेत.

दोन्ही मर्यादा संपल्याची लक्षणंही वेगळी. बँडविड्थ संपली की साइटच्या जागी ‘५०९ बँडविड्थ लिमिट एक्सीडेड’ अशी पाटी दिसते आणि पहिला फोन गिऱ्हाइकाचा येतो. जागा संपली तर साइट वरवर ठणठणीत दिसते, पण फोटो चढत नाही, ईमेल पाठवणाऱ्याकडे परत जातात, आणि डेटाबेसही त्याच कोट्यात असेल तर ऑर्डरचा फॉर्म भरूनही नोंद होत नाही. मला ही दुसरी तऱ्हा जास्त घातक वाटते, कारण कुणी सांगायलाच येत नाही.

एका नातेवाइकांच्या छोट्या साइटची जागा अशीच भरली होती. सीपॅनेलमधलं (होस्टिंग खातं सांभाळायच्या पानावरचं) ‘डिस्क यूसेज’ उघडलं, तर साइट जेमतेम ६०० एमबी. बाकीची सगळी जागा दोन गोष्टींनी खाल्लेली: दर आठवड्याला आपोआप बनून त्याच खात्यात पडून राहिलेले बॅकअप, आणि कधीच रिकामी न केलेली ईमेलची पेटी. १० एमबीचं एक पीडीएफ पाच जणांच्या पेटीत गेलं की ५० एमबी जातात, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. बॅकअप घरच्या कॉम्प्युटरवर उतरवले, सर्व्हरवरचे पुसले, आणि मोठ्या प्लॅनचे पैसे वाचले.

साध्या माहितीच्या साइटला २ ते ५ जीबी जागा पुरून उरते. त्यापुढचा पैसा कुठे घालायचा, ते येणाऱ्यांच्या गर्दीवर ठरतं. हापूसवाल्याला मोठी बँडविड्थ लागते ती तीन महिने, पावसाळा लागला की साइटवर शुकशुकाट. म्हणून प्लॅन वर नेऊन जूनमध्ये पुन्हा खाली आणता येतो का, हे फेब्रुवारीतच विचारून ठेवावं. वर चढवायला सगळेच तयार असतात. खाली उतरताना काही ठिकाणी नवं खातं उघडून साइट हलवावी लागते.