पॉवर ब्रेक वेगळा, डिस्क ब्रेक वेगळा

फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या गॅरेजात जुनी पद्मिनी नाहीतर अ‍ॅम्बेसेडर घेऊन आलेल्या मालकाची मागणी बहुतेक वेळा ठरलेली असते: "ब्रेक फार कडक आहे, पॉवर ब्रेक बसवून द्या." कुणाला त्यातून बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा, खरा पॉवर ब्रेक तोच) हवा असतो, कुणाला डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरतात), आणि दोन्ही एकच असं धरून चालणारेही पुष्कळ. आजच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही एकत्रच येतात, त्यामुळे ही गल्लत होणं स्वाभाविक आहे. पण जुन्या गाडीत हात घालण्याआधी ती दूर व्हायलाच हवी, कारण एक गोष्ट पायाशी काम करते आणि दुसरी चाकाशी.

बूस्टर म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर (पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबाने चाकांपर्यंत पोचवणारा पंप) यांच्या मधे बसणारा पत्र्याचा गोल डबा. आत रबरी पडदा असतो. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या भागातून) आलेली नळी पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून ठेवते. पेडल दाबलं की झडप उघडते, पडद्यामागे बाहेरची हवा शिरते आणि तिचा दाब मास्टर सिलिंडरचा दांडा पुढे ढकलतो. 8 इंच व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे 320 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 0.6 किलोचा दाबाचा फरक मिळाला, तरी जवळपास 190 किलोचा जोर पायाच्या मदतीला येतो. चाकात मात्र काहीच बदलत नाही. चाकाबरोबर फिरणारा ड्रम तोच, त्याला आतून घासणाऱ्या शूंवरचे लायनर तेच, टायर तेच. पूर्वी जोर लावून चाकं लॉक करता येत असतील, तर बूस्टरनंतरही गाडी तेवढ्याच अंतरात थांबेल. पायाचे कष्ट वाचतील, इतकंच.

डिस्कचा फायदा चाकाशी दिसतो. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना सतत ब्रेक धरला, की ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. लायनरची पकडही घटते. पेडल खाली खाली जाऊ लागतं, आणि तिथे बूस्टर काहीही करू शकत नाही. डिस्क उघड्यावर असल्याने लवकर थंड होते, आणि तापून फुगली तरी पॅडकडेच सरकते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रममधले शू ओले राहतात आणि पुढचे काही ब्रेक नीट लागत नाहीत. डिस्क पाणी झटकून टाकते. समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीला मात्र डिस्कचीही काळजी घ्यावी लागते. खारी हवा कॅलिपरचे (पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन आणि पिना जाम करते.

मग दोन्ही एकत्र का येतात? ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेने असलेला शू घर्षणामुळे आपणच ड्रमकडे ओढला जातो, म्हणजे थोडी मदत त्याला घरचीच मिळते. अनेक जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांतले दोन्ही शू असेच असतात. डिस्कला ती मदत नाही, पॅड जितके दाबाल तितकेच दाबतात. म्हणून डिस्क आली की पाय जड होतो आणि बूस्टरची गरज भासते. उलट, चांगल्या ड्रमवर मोठा बूस्टर चढवला की ब्रेक एकदम पकडतो. जूनच्या पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे.

डिस्क लावताना एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. अनेक ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारी झडप असते. ती पुढच्या डिस्कच्या लाइनवर तशीच राहिली, तर पॅड सुटतच नाहीत, डिस्क तापते आणि मेस्त्री नव्या कॅलिपरवर संशय घेत बसतो.

माझं मत विचाराल तर आधी मूळ ब्रेक पूर्ण तपासा. चिकटलेले व्हील सिलिंडर (चाकातले शू दाबणारे), काचेसारखे गुळगुळीत झालेले लायनर, आतून फुगलेले होज (रबरी नळ्या) आणि जुनं ब्रेक ऑइल, एवढ्यानेच कितीतरी गाड्यांचा पाय जड झालेला असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डॉट 3 प्रतीचं ऑइल कोरडं असताना निदान 205 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. गोव्याच्या दमट हवेत ते वेळेवर बदललंच पाहिजे. त्यानंतर पैसे उरले, तर एकेरी मास्टर सिलिंडर काढून दोन वेगळ्या लाइनचा दुहेरी बसवा. एकेरीत कुठेही एक गळती झाली, तर चारही चाकांचा ब्रेक जातो.

एवढं करून गावात चालवताना पाय दुखतच असेल, तर बूस्टर. घाटात नियमित जाणं असेल, तर पुढे डिस्क. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असेल तर पेडलमागे डबा बसत नाही. तिथे ब्रेकच्या लाइनमध्ये जोडला जाणारा रिमोट सर्व्हो (पेडलपासून वेगळा बसणारा बूस्टर) बॉनेटखाली लावतात. त्यासाठी फारशी कापाकापी लागत नाही, मला तो अधिक आवडतो. 50 वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी 2021 च्या नियमांनुसार ती मूळ रूपात असेल तरच होते, तेव्हा पुन्हा काढता येईल असंच काम करून घ्या. डिझेल इंजिन बसवलेल्या अ‍ॅम्बेसेडरला मॅनिफोल्डमधून पुरेसा व्हॅक्यूम (हवा ओढून झालेली पोकळी) मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बहुधा तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो.

बूस्टर बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतो आहे. इंजिन बंद असताना डब्यातला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकपुरताच उरतो, म्हणून उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायची जुनी सवय अशा गाडीत पूर्णपणे सोडा.