आधीच्या कुत्र्याच्या जागी ग्रेहाऊंड

घरचा कुत्रा गेला की मागे साखळी, जर्मनची थाळी आणि ओट्यावरचे गोणपाट उरते. काही महिन्यांनी नवा कुत्रा आणायचे ठरले की याच वस्तू पुन्हा बाहेर काढल्या जातात. गावठी पिल्लू असेल तर तेवढ्यावर भागते. शर्यतीतून काढून टाकलेला ग्रेहाऊंड दत्तक येणार असेल, तर त्यांतली थाळी तेवढी कामाची. साखळी आणि गोणपाट का नको, हे कळायला या जातीचा मागचा प्रवास ठाऊक हवा.

नजरेने सावज हेरून त्यामागे सुटणारे कुत्रे फार जुने. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक लेखक अ‍ॅरियनने त्यांच्या शिकारीवर लिहून ठेवले आहे. आजचा ग्रेहाऊंड मात्र इंग्लंडने घडवला. १७७६ साली नॉरफोकमधल्या स्वॉफहॅमला पहिला कोर्सिंग क्लब निघाला. मोकळ्या रानात ससा उठवायचा आणि त्यामागे दोन कुत्रे सोडायचे, असा तो खेळ. १९१९ मध्ये ओवेन पॅट्रिक स्मिथने कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला यांत्रिक सशामागे कुत्रे पळवणारी धावपट्टी उभारली. २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ती पद्धत इंग्लंडात पोहोचली. पुढची सगळी पैदास एकाच कसोटीवर झाली: साधारण अर्धा किलोमीटर, तीस सेकंदांच्या आसपास.

तिसऱ्या ते पाचव्या वर्षी कुत्रा शर्यतीतून बाद होतो आणि आयुष्य असते दहा ते तेरा वर्षांचे. उरलेल्या वर्षांचे काय, हा प्रश्न तिथूनच आला. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात निवृत्त ग्रेहाऊंडना घर शोधून देणारा स्वतंत्र ट्रस्ट स्थापन झाला. मकावचे कॅनिड्रोम हे ग्रेहाऊंड शर्यतीचे मैदान २०१८ मध्ये बंद पडले तेव्हा पाचशेहून अधिक कुत्र्यांची सोय लावावी लागली. फ्लोरिडात त्याच वर्षी मतदान होऊन २०२० च्या अखेरीस शर्यती थांबल्या.

भारतात हे कुत्रे इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर शिकारीसाठी आले. पंजाबात ते टिकले, कारण तिथल्या ग्रामीण खेळांत त्यांना जागा मिळाली. १९३३ पासून भरणाऱ्या किला रायपूरच्या खेळांत बैलगाड्यांबरोबर ग्रेहाऊंडही धावत आले. हरणारे किंवा पाय मोडलेले कुत्रे शेतात, रस्त्यावर सोडले जातात आणि बचाव गट तेच उचलून दत्तक देतात. खान्देशात आणायला रेल्वे सोयीची आहे, भुसावळमार्गे पंजाब मेल थेट फिरोजपूरला जाते. फक्त ब्रेकव्हॅनमधल्या डॉगबॉक्समधून उन्हाळ्यात हा कुत्रा आणू नये. एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे मिळाला तरच सोबत आणावा, लसीची नोंद आणि डॉक्टरांचा आरोग्य दाखला जवळ ठेवून.

आपल्याकडे ग्रेहाऊंड म्हणून दाखवलेला कुत्रा बऱ्याचदा कारवानी किंवा मिश्र निघतो. कान पाहावेत. ग्रेहाऊंडचे कान लहान आणि मागे दुमडलेले, कारवानीचे गालावर लोंबणारे. ग्रेहाऊंडच्या मांड्या भरलेल्या आणि वजन २७ ते ३२ किलोच्या आसपास, कारवानी हलका. कारवानी दख्खनच्या उन्हात वाढलेली जात आहे. आमच्या मते, दुपारी गारवा राहील अशी खोली घरात नसेल तर कारवानीच घ्यावा. दोघांनाही सशामागे सोडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आता गोणपाट. आधीचा कुत्रा गोचीड तापाने गेला असेल, तर ते जाळून टाकावे. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड रक्त न पिता कित्येक महिने भिंतीच्या भेगांत जगते. धाब्याच्या घरात, ओट्याच्या सांध्यांत तिला जागाच जागा. भेगा बुजवून, फवारणी करून मगच नवा कुत्रा आणावा आणि तो उंबरा ओलांडण्याआधी त्याला गोचिडाची गोळी सुरू झालेली असावी. फ्लुरालेनर बारा आठवडे चालते, अफॉक्सोलेनर महिनाभर. झटके येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. बैलांसाठी आणलेले गोचिडाचे औषध या पातळ कातडीवर अंदाजाने लावू नये.

सर्वांत मोठी चूक रक्ताच्या रिपोर्टवर होते. वेगासाठी निवडत गेल्याने ग्रेहाऊंडच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त आणि प्लेटलेट कमी असतात. इतर कुत्र्यांत तांबड्या पेशींचे प्रमाण, म्हणजे पीसीव्ही, साधारण ३७ ते ५५ टक्के. ग्रेहाऊंडमध्ये ५० ते ६० च्या घरात. प्लेटलेट इतरांत दोन लाखांच्या वर, इथे दीड लाख असल्या तरी कुत्रा ठणठणीत असू शकतो. मशीनवर छापलेली ‘नॉर्मल’ आकड्यांची पट्टी इतर कुत्र्यांची असते. म्हणून पीसीव्ही ३८ आला की कागदावर ‘नॉर्मल’ दिसतो, प्रत्यक्षात कुत्र्याला चांगलाच रक्तक्षय असतो. उलट प्लेटलेट १.३ लाख दिसल्या की गोचीड ताप समजून महिनाभर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते. कुत्रा आल्या आठवड्यातच, तो बरा असताना रक्त तपासून आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढचा प्रत्येक रिपोर्ट त्या आकड्यांशी ताडून पाहावा. आणि शंका आली तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि गोचीड तापाची किट-तपासणी, दोन्ही करून घ्यावे.

नसबंदी किंवा टाके असतील तर भुलीचा विषय डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावा. थायोपेंटोनसारखे बार्बिच्युरेट गटातले भुलीचे औषध नको. अंगात चरबी फार कमी असल्याने औषध रक्तातच फिरत राहते, यकृतही ते सावकाश मोडते आणि कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. प्रोपोफॉल चालते.

साखळी नको, कारण या कुत्र्याची मान डोक्यापेक्षा जाड असते. साध्या पट्ट्यातून तो मागे सरकत क्षणात निसटतो. दीड-दोन इंच रुंदीचा मार्टिंगेल, म्हणजे ओढ बसली की आवळणारा पट्टा घ्यावा. त्यात दोन कड्या असतात. ताण आल्यावर त्या एकमेकींना टेकू नयेत आणि मानेशी दोन बोटे जावीत. मोकळा तर सोडूच नये. तासाला ६५ किलोमीटरच्या वेगाने तो मांजरामागे सुटला की हाक ऐकत नाही. कापूस निघालेल्या शेतात पऱ्हाटीचे तिरपे कापलेले खुंट उभे असतात, त्यांवर छाती फाटते. बांधावरची काटेरी तार त्याला पळताना दिसत नाही. कुंपणाची उंची किमान पाच फूट हवी. कोंबड्या आणि बकरीची पिल्ले असतील तिथे पहिले कित्येक आठवडे पट्टा हातातच राहावा.

शर्यतीच्या पिंजऱ्यात वाढल्याने जिना, आरसा, मिक्सर हे सारे त्याला नवे. जिन्यावर त्याचा एकेक पाय उचलून ठेवत शिकवावे, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकावी. झोपेत त्याला हात लावू नये, आधी नाव घ्यावे; दचकून तो दात लावतो. नातवंडांना हे पहिल्याच दिवशी सांगावे. हिवाळ्यात भरीत पार्टी झाली की उरलेले त्याच्या थाळीत जाते, तेही नको, कारण कांद्याची पात आणि लसूण तांबड्या पेशी फोडतात. भाकरी थोडी चालेल, पोट मात्र अंडी-चिकनवर भरावे.

आणायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा फिरणे सकाळी सातच्या आत. रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर परत फिरावे. धापा थांबेनात तर पोट आणि जांघा साध्या पाण्याने भिजवून पंख्याखाली ठेवावे आणि दवाखाना गाठावा. थंडीत उलटा प्रकार. अंगावर दाट केस नाहीत, चरबीही फार कमी, म्हणून जुन्या गोधडीची झूल शिवून घ्यावी, मानेच्या बुडापासून शेपटीपर्यंत, साधारण ७० सेंटिमीटर, पोटाखाली रुंद पट्टी. झोपायला जाड गादी घातलेली बाज द्यावी, नुसत्या फरशीवर पायांची कोपरे सोलवटतात.