‘ग्रुपवर टाकलंय’: किनाऱ्यावरच्या इशाऱ्यांची पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावर वादळाची खबर पूर्वी डोळ्यांना दिसायची. बंदरावर दिवसा बावटा चढायचा, रात्री दिवे लागायचे. ‘तीन नंबरचा लागला’ म्हटलं की होड्या खाडीत. गावात रेडिओ आणि कोतवालाची दवंडी. खोल समुद्रात गेलेल्यांना मात्र यातलं काहीच दिसत नसे. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळाने त्याची किंमत वसूल केली. कित्येक खलाशी परतलेच नाहीत.

पुढे स्मार्टफोन आले आणि तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच व्हॉट्सॲप ग्रुपवर गोळा झाले. सोय म्हणून सुरू झालेला हा प्रकार हळूहळू यंत्रणाच होऊन बसला. ‘ग्रुपवर टाकलंय’ म्हणजे कळवलं, असा समज रुळला. वाडीतला फोन बंद असला की तो मेसेज एकाच टिकवर अडकलेला असतो, म्हणजे पोचलेलाच नसतो, हे पाहणार कोण?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. आधीचे इशारे पोचले होते, लोक हलवलेही होते. खरी पंचाईत नंतर झाली. विजेचे खांब आडवे, नारळी-पोफळी रस्त्यावर आणि टॉवर मुके. टॉवरची बॅटरी काही तास तग धरते. पुढे जनरेटरला डिझेल लागतं आणि ते येणार त्याच बंद रस्त्याने. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांचा संपर्क काही दिवस तुटलेला होता. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण-महाडकडेही फोन लागेनासे झाले.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तर वादळही नव्हतं. कंपनीकडच्याच बिघाडाने व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडलं. २५ ऑक्टोबर २०२२ ला भरदुपारी पुन्हा तेच.

व्हॉट्सॲपवरच्या अफवांची गोष्ट वेगळी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. पण ‘उद्या अतिवृष्टी, शाळा बंद’ हा गेल्या पावसातला, तारीख नसलेला मेसेज खोटा नसतो, शिळा असतो. आणि ‘धरण फुटलं’ हा मेसेज चिपळूण तालुक्यात कुणी हसण्यावारी नेत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण खरंच फुटलं होतं.

२०२३ पासून फोन अचानक कर्कश वाजवणाऱ्या सेल ब्रॉडकास्टच्या, म्हणजे टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकदम जाणाऱ्या इशाऱ्याच्या, चाचण्या सुरू झाल्या. त्याला इंटरनेट लागत नाही, नंबरही लागत नाही. टॉवर मात्र चालू हवा. समुद्रात नौकांची बरीचशी मदार अजून व्हीएचएफ या बिनतारी रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर आहे.