रिसेल फ्लॅट घेताना कागद नेमके कुठे अडतात

दुय्यम निबंधकाकडे करारनामा नोंदवला, फोटो-अंगठा झाला, इंडेक्स टू (दस्ताचा नोंदणीकृत गोषवारा) हातात आलं की घर आपलं, असं सोसायटीतला जुना फ्लॅट घेणारे बहुतेक जण धरून चालतात. पण विकणारा खरा मालक आहे का, हे ते कार्यालय तपासत नाही. मुद्रांक शुल्क पुरेसं आहे का, सह्या करणारी माणसं तीच का, साक्षीदार आलेत का, एवढं पाहून दस्त नोंदवला जातो. मालकीची खातरजमा ही खरेदीदाराची डोकेदुखी आहे आणि ती टोकन, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देण्याआधी उरकायची असते. प्रत्यक्षात टोकन आधी जातं, वकील नंतर आठवतो, आणि अडचण निघाल्यावर दिलेले पैसे परत मागायची वेळ येते.

वकिलाकडून किमान ३० वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींचा शोध) आणि टायटल रिपोर्ट (मालकीचा अहवाल) लेखी घ्या. 'सगळं क्लिअर आहे' हे तोंडी वाक्य बँकही मानत नाही. त्याच्या जोडीला लागते ती करारांची साखळी. बिल्डरकडून पहिल्या मालकाने केलेला करार, त्याच्याकडून दुसऱ्याने, दुसऱ्याकडून आजच्या विक्रेत्याने, असे सगळे मूळ दस्त, नोंदणीच्या पावतीसह. कर्ज नामंजूर होतं ते बऱ्याचदा इथेच, कारण बिल्डरचा पहिला करार कुणाकडेच नसतो. 'बँकेत असेल' असं विक्रेता म्हणाला, तर त्याच्या बँकेकडून जमा असलेल्या कागदांची यादी मागवा. खरोखर हरवला असेल तर विक्रेत्याने पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस काढायची, निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल घ्यायची आणि प्रतिज्ञापत्रासह हमीपत्र लिहून द्यायचं. हे त्याचं काम आहे, त्यालाच करू द्या. इंडेक्स टू हा फक्त गोषवारा. मूळ कराराच्या जागी ते चालत नाही, कितीही वेळा झेरॉक्स काढली तरी.

नक्कल मिळण्यासाठी मुळात दस्त नोंदवलेला हवा. जुन्या इमारतींत पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पवर केलेले, नोंदणीच न झालेले करार आजही निघतात. १० डिसेंबर १९८५ पासून ताबा देणाऱ्या करारावरही खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागू झालं, त्यामुळे त्या तारखेनंतरचा प्रत्येक दस्त बारकाईने पाहावा लागतो. शुल्क कमी भरलं असेल तर तुटीवर दरमहा २ टक्के दंड, कमाल तुटीच्या चौपट. १९८० ते २०२० दरम्यानच्या दस्तांसाठी २०२३ च्या अखेरीस सवलत देणारी अभय योजना आली होती, तिची मुदत उलटून गेली. ही तूट कोण भरणार ते टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या, नाहीतर शेवटी ती तुमच्याच गळ्यात पडते.

आता नॉमिनीचं. 'बाबा गेले, सोसायटीत माझं नॉमिनेशन होतं, शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव लागलंय' असं सांगणारा विक्रेता खोटं बोलत नसतो, पण तेवढ्याने तो एकटा मालक ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यातच नॉमिनीला तात्पुरता सभासद म्हटलं आहे. मालकी वारसांची. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, लग्न होऊन गेलेल्यांसह सगळ्या मुली आणि मृताची आई हयात असेल तर तीसुद्धा. गावाकडची म्हातारी आजी यादीतून हमखास सुटते. या सगळ्यांनी करारावर सह्या करायच्या किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं हक्कसोडपत्र घेऊन येणारी कुटुंबं बघितली की जीव तुटतो, कारण ताईंना परत पुण्याहून बोलवावं लागतं आणि तोवर घरात काहीतरी बिनसलेलं असतं. वारसांत कुणी अज्ञान (१८ वर्षांखालचं) असेल तर त्याच्या हिश्शासाठी न्यायालयाची परवानगी लागते, तेव्हा घाई असेल तर दुसरं घर बघा.

मुदतीचाही असाच घोळ. नोंदणीसाठी चार महिने मिळतात ते सही केल्याच्या तारखेपासून, शुल्क भरल्यापासून नव्हे. पुढचे चार महिने दंड भरून मिळू शकतात, तोही नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत. आणि मुद्रांक शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचं असतं. 'सही करून ठेवू, चलन पुढच्या आठवड्यात' असं एजंट म्हणाला तर पेन खाली ठेवा. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं. महिलांची १ टक्का सवलत फक्त महिलाच खरेदीदार असतील तरच. कर्जासाठी नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली, हे चलन भरल्यावर कळून उपयोग नाही.

चलन ऑनलाइन, डेटा एंट्री ऑनलाइन, दोन साक्षीदार, आधार-पॅन, वेळ घेऊन जाणं, हा भाग सोपा आहे. फक्त आधारवरचं आणि जुन्या करारावरचं नाव जुळतंय का ते आधी बघा.

किंमत किंवा सरकारी मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या पैशातून होणारी आयकराची कपात) खरेदीदाराने कापायचा, तोही पूर्ण रकमेवर. ७८ लाखांच्या घराला ७८ हजार. ज्या महिन्यात कापला तो संपल्यावर ३० दिवसांत भरायचा. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर चार चलनं. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा हिशोब विसरा. ५० लाखांची मर्यादाही तिथे नाही, कपात बरीच मोठी असते, आणि ती कमी हवी असेल तर विक्रेत्याने आयकर खात्याकडून दाखला आणावा. तुम्ही कमी कापलंत तर नोटीस तुम्हाला येते; तो तोवर न्यू जर्सीला पोचलेला असतो. त्याने तिकडून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं.

सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) विक्रीसाठी उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नियमांनुसार, लागत नाही, मात्र कर्ज देणारी बँक मागते, म्हणून ती घ्यावीच लागते. नाव बदलताना सोसायटी घेते त्या हस्तांतरण प्रीमियमची महापालिका हद्दीतली कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. 'बिल्डिंग फंडाला स्वखुशीने' म्हणून लाखभर मागितले तर रक्कम आणि कारण लेखी मागा. बहुतेक कमिट्या तिथेच गप्प होतात. जमीन सिडको, म्हाडा किंवा जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर त्यांची परवानगी वेगळी, आणि ती करारनाम्याआधी.

ताबा घेताना मागच्या मेंटेनन्सचं नो ड्यूज, मालमत्ता कराची आणि विजेची शेवटची पावती घ्या. विक्रेत्याचं कर्ज फिटलं असेल तर बँकेचं बोजा नसल्याचं पत्र आणि मूळ कागद त्याच दिवशी ताब्यात घ्या. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवण्याचा अर्ज सोसायटीत देऊन पोच घ्या, कारण किल्ली मिळाल्यावर हा अर्ज वर्षानुवर्षं कपाटात राहतो.