पंप सगळ्यात शेवटी घ्या
(अंगणात तळं करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

दुकानात येणारा बहुतेक ग्राहक आधी पंपाचा बॉक्स उचलतो. "यावर ३००० लिटर लिहिलंय, चालेल ना?" आम्ही विचारतो, तळ्यात पाणी किती मावणार? धबधबा किती उंच? मासे कुठले? उत्तर बहुधा एकच असतं, "अजून खोदलेलं नाही." मग आम्ही बॉक्स परत फळीवर ठेवतो.

पहिला खर्च चुन्याच्या फक्कीचा. जागेवर तळ्याचा आकार फक्कीने आखा आणि आठ दिवस तसाच ठेवा. सकाळी, दुपारी, चार वाजता ऊन कुठे पडतं ते बघा. कमळ-कुमुदिनीला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. वर कडुनिंब असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज जाळीने पाला काढायची तयारी ठेवा. अंगणाचा सगळ्यात खोलगट कोपरा टाळा. पहिल्याच पावसात गढूळ लोंढा तिथेच येतो. काठ जमिनीपेक्षा चार इंच वर हवा.

आता हिशेब. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून गुणा, आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणा. ८ बाय ६ बाय २ फूट म्हणजे साधारण २७०० लिटर. उतरते काठ असतील तर सरासरी खोली धरा. तळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदासाठी लांबी आणि रुंदी दोन्हींत खोलीची दुप्पट आणि काठाचे दोन फूट मिळवा. याच तळ्याला १४ बाय १२ फुटांचा तुकडा लागतो. शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागदही चालतो. मुरमाचे खडे टोचू नयेत म्हणून खाली वाळू आणि जुनी पोती अंथरा. खड्डा खोदून झाल्यावर पुन्हा एकदा मोजा आणि मगच या. एकदा कापलेला कागद आम्हाला परत घेता येत नाही, आणि त्यावरून होणारी वादावादी आम्हालाही नको असते.

पंपाचं गणित इथून सुरू होतं. मासे थोडे असतील तर दोन तासांत एकदा आणि कोई (मोठे रंगीत मासे) पाळणार असाल तर तासाला एकदा सगळं पाणी फिल्टरमधून फिरायला हवं. बॉक्सवरचा ताशी लिटरचा आकडा मात्र पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो. त्याच बॉक्सवर 'कमाल उंची २ मीटर' असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे दोन मीटरवर धार शून्य! धबधबा दीड मीटरवर असेल तर ३००० लिटरचा पंप अंदाजे पाऊणेक हजार लिटरच देईल. पाइप लांब किंवा बारीक असेल तर त्याहून कमी. उंची पाण्याच्या पातळीपासून मोजा, तळापासून नको.

हा पंप चोवीस तास चालणार. रात्री बंद केलात तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू ऑक्सिजनवाचून मरतात. ४० वॉटचा पंप महिन्याला सुमारे २९ युनिट घेतो, १०० वॉटचा ७२. विकत घेतानाची किंमत एकदाच द्यायची असते, बिल मात्र दर महिन्याला येतं. वारंवार वीज जात असेल तर बॅटरीवरचा छोटा एअरपंप घ्या, कारण पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. ईएलसीबीशिवाय (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आम्ही जोडणी करून देत नाही.

यूव्ही दिवा, रंगीत लाइट, पाणी निवळायच्या बाटल्या पहिल्या दिवशी घेऊ नका. (हे वाक्य छापू नये असं आमच्याच काउंटरवर ठरलं होतं.) नवं पाणी काही आठवडे हिरवं होतंच. कुमुदिनीच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं की ते बऱ्याचदा आपोआप निवळतं. मासेही एकदम सोडू नका. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर डासांसाठी पाच-सहा गप्पी पुरेत.

लहान मूल घरात असेल तर वरच्या लोखंडी जाळीचा खर्च आधी धरा. दोन फूट पाणीही त्याला खोलच.

खोदाई दसऱ्यानंतर काढा. जमीन अजून मऊ असते आणि कागदाखाली पावसाचं पाणी साचून तो फुगत नाही. येताना लिटर, धबधब्याची उंची आणि विजेच्या मीटरपासून तळ्यापर्यंतचं अंतर एका चिठ्ठीवर लिहून आणा. मोबाइलमधला फोटो असला तर अजून बरं.