काचेआडची तारीख: भेसळीच्या कायद्यापासून लेबलपर्यंत

दिवाळीच्या तोंडावर पुण्यातल्या कुठल्याही मिठाईच्या दुकानात काचेआड नजर टाका. काजूकतलीच्या ट्रेपुढे भावाच्या पाटीशेजारी आणखी एक पाटी दिसेल: कधीपर्यंत खावी याची. कुठे छापील, कुठे स्केचपेनने लिहिलेली, कुठे कालची तारीख पुसून त्यावरच आजची घातलेली. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशाने ही पाटी सक्तीची झाली १ ऑक्टोबर २०२० पासून. तोवर ‘ताजे आहेत ना?’ असं विचारायचं आणि ‘आत्ताच आलेत’ हे ऐकून पेढे घ्यायचे, एवढाच व्यवहार होता.

कायदा मात्र जुना आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत अन्नात भेसळ करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळचे हजार म्हणजे थट्टा नव्हती. पुढे प्रांतांनी आपापले कायदे केले; मुंबई इलाख्याचा १९२५चा. राज्यघटनेने भेसळ हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत टाकला आणि १९५४मध्ये देशभरासाठी एकच अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आला. तो १ जून १९५५ला लागू झाला.

त्या काळातली एक युक्ती मला फार आवडते. तुपात डालडा मिसळला तर जिभेला कळेलच असं नाही. म्हणून सरकारने वनस्पती तुपातच किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायला लावलं. मग संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल हे रसायन टाकून हलवायचं; तिळाच्या तेलामुळे आम्लाचा थर लालसर झाला की चोरी उघड. भेसळ करणाऱ्याच्या मालातच साक्षीदार बसवून ठेवलेला!

नमुना घेण्याचीही एक रीत होती. अन्न निरीक्षक माल विकत घ्यायचा, त्याचे तीन भाग करायचा. दुधात टिकण्यासाठी फॉर्मेलिनचे थेंब टाकायचे. बाटली जाड कागदात गुंडाळायची, सुतळी बांधायची, चार ठिकाणी लाखेचं सील ठोकायचं आणि दुकानदाराची सही अशी घ्यायची की अर्धी चिठ्ठीवर, अर्धी वेष्टनावर पडेल. यातलं काही चुकलं की आरोपीच्या वकिलाचं काम सोपं व्हायचं.

हे सगळं मुख्यतः सुट्ट्या मालासाठी. मंडईतली हळद, रविवार पेठेतली डाळ, बरणीतलं तेल यांवर लेबल चिकटवणार कुठे? ‘मिथ्याछाप’, म्हणजे खोटं किंवा फसवं लेबल, हा गुन्हा १९५४च्या कायद्यातही होता, पण पाकिटं वाढल्यावरच त्याला धार आली. १९७७च्या नियमांनी पाकिटावर उत्पादकाचं नाव, निव्वळ वजन, किंमत छापायला लावली. त्याच सुमारास, १९७४मध्ये, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना सुरू केली होती. दुकानात उभं राहून पाकीट उलटून वाचायची सवय शहराला लागली त्यात या मंडळींचा वाटा मोठा, असं माझं मत. १९८६मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला.

२००६चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ला लागू झाला आणि जुना कायदा गेला. निरीक्षकाचा ‘अन्न सुरक्षा अधिकारी’ झाला, नमुन्याचे तीनाऐवजी चार भाग झाले, परवान्याचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर आला. आपल्याकडे अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे बोलीभाषेत एफडीएची. मोठा बदल शिक्षेत झाला. असुरक्षित अन्नाला जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. नुसतं लेबल खोटं असेल तर ३ लाखांपर्यंत दंड, आणि तो कोर्टाऐवजी न्यायनिर्णय अधिकारी, म्हणजे सुनावणी घेणारा सरकारी अधिकारी, ठरवतो. लेबलची प्रकरणं वर्षानुवर्षं फौजदारी कोर्टात कुजत ठेवण्यापेक्षा हे बरं.

कलम ४० फारसं कुणाला ठाऊक नाही: गिऱ्हाईक स्वतः फी भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं, फक्त तसं दुकानदाराला खरेदी करतानाच सांगावं लागतं. निकाल दुकानदाराच्या विरोधात गेला तर फी परत मिळते.

राहिली काचेआडची ती पाटी. तिच्यावर कुठली तारीख घालायची, हे पदार्थ आणि हवामान बघून ठरवायचं आदेशाने मिठाईवाल्यावरच सोपवलं आहे.